दाराची कडी

खामगावच्या रोटरी क्लबात कवितावाचनाला गेलो, तेव्हा व्यासपीठावरच्या दातेरी चाकाकडे लक्ष गेले. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघा साथीदारांसह हा क्लब सुरू केला. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, म्हणून नाव पडले ‘रोटरी’.

१९८५मध्ये रोटरीने जगातून पोलिओ हटवण्याचा विडा उचलला. पुढे आमच्या काही मोहल्ल्यांत त्या दोन थेंबांविषयी अफवा उठल्या. त्या शमवायला डॉक्टर, स्वयंसेवक यांच्यासोबत इमामही घरोघर फिरले. जानेवारी २०११मध्ये हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला. २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

सेवेला आम्ही घरी खिदमत म्हणतो. क्लबात हारतुरे होतच राहतील. खिदमत केली ती बंद दाराची कडी पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्यांनी.