हवाई मार्गांच्या नकाशात सातारा-सांगली रिकामी का दिसतात?

कोणत्याही विमान कंपनीचा नकाशा उघडा. त्यावर पुणे, कोल्हापूर, बेळगावचे ठिपके सापडतील, पण सातारा आणि सांगली सापडणार नाहीत. म्हणजे इथली माणसं विमानाने जात नाहीत का? तसं नाही. हा नकाशा नेमकं काय मोजतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

पहिली रेघ

१९२९ मध्ये लंडन-कराची विमान टपाल सुरू झालं. ते टपाल पुढे देशात पोहोचवण्यासाठी टाटा सन्सने कराची-अहमदाबाद-मुंबई-बेल्लारी-मद्रास हा मार्ग आखला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून 'पस मॉथ' विमानातून टपाल घेऊन जुहूला उतरले. तिथून पुढचं विमान नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं.

आता नकाशावर जुहू आणि बेल्लारी यांच्यामध्ये पट्टी ठेवून बघा. सरळ रेघ साताऱ्याच्या खटाव भागावरून आणि सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यावरून जाते. पण विमान इथे उतरणार नव्हतं, त्यामुळे नकाशात या भागाचं नाव आलं नाही. पहिल्या वर्षभरात या सेवेने १५५ प्रवासी आणि सुमारे १० टन टपाल नेलं. तेव्हा मार्ग ठरत होते ते टपालासाठी. प्रवासी नंतर वाढले.

धावपट्टी आहे, मग मार्ग का नाही?

कोल्हापूरला राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्येच विमानतळ सुरू झाला. सातारा जिल्ह्यात कराडची धावपट्टी १९५५ च्या सुमारास कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधली गेली. सांगलीजवळ कवलापूरलाही विमानतळाची जागा आहे.

धावपट्टी असली म्हणजे मार्ग सुरू होतोच असं नाही. कराडची धावपट्टी साधारण १,२८० मीटरची आहे. छोटी विमानं आणि वैमानिक प्रशिक्षणाला ती पुरते. मोठ्या प्रवासी विमानांसाठी ती वाढवावी लागेल आणि त्यासाठी जमीन लागेल. वारुंजी, केसे, मुंढे भागातल्या शेतकऱ्यांनी याच कारणाने विस्ताराला विरोध केला.

जाड रेघ, बारीक रेघ

मार्गाचा नकाशा फक्त दोन ठिकाणं जोडतो. वाहतुकीच्या नकाशात मात्र प्रवासी जितके जास्त, तितकी रेघ जाड असते. ही पद्धत विमानापेक्षा जुनी आहे. १८३७ मध्ये हेन्री हार्नेस या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी असे नकाशे काढले होते.

या नकाशातली खरी मेख इथेच आहे. विमानतळावरची मोजणी प्रवासी कुठे चढला आणि कुठे उतरला याची असते. त्याचं घर कुठे आहे, हे त्यात येत नाही. साताऱ्याचा माणूस पुण्याहून उडाला की तो पुण्याच्या आकड्यात जातो. सांगलीचा माणूस कोल्हापूर किंवा बेळगावहून गेला की तिथल्या आकड्यात. शिवाय जाताना एकदा आणि येताना एकदा, अशी त्याची दोनदा मोजणी होते.

विटा, खानापूर, आटपाडी आणि खटाव-माण भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर विखुरले आहेत. यात्रेला, लग्नाला ते गावी येतात. त्यातला कुणी चेन्नईहून पुण्याला विमानाने आला आणि पुढे एसटीने विट्याला गेला, तर हवाई नकाशावर त्याचा प्रवास पुण्यातच संपलेला दिसतो.

याचा अर्थ काय घ्यायचा?

"नकाशावर प्रवासी दिसत नाहीत, म्हणून विमानतळाची गरज नाही" हा युक्तिवाद कच्चा आहे. विमानतळच नसेल तर तिथला प्रवासी आकड्यात दिसणार कसा? पण "प्रवासी भरपूर आहेत, म्हणून विमानतळ हवाच" हेही तितकंच घाईचं. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि सांगलीहून ते जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. तेव्हा आधी पुणे, कोल्हापूर आणि बेळगावच्या प्रवाशांना साधा प्रश्न विचारायला हवा: तुम्ही घरून कुठून निघालात? जमीन घेण्याआधी हे उत्तर हातात असलं, तर शेतकऱ्याशी बोलतानाही अंदाजावर बोलावं लागणार नाही.