उत्पादननिर्मितीतून अभियांत्रिकी शिक्षण (वाकड–चाकण पट्टा)

उत्पादननिर्मितीतून अभियांत्रिकी शिक्षण : पदवीच्या विद्यार्थ्यांनी गरज ओळखण्यापासून आराखडा, ड्रॉइंग, सुटे भाग, जुळणी व चाचणीपर्यंत एखादी वस्तू स्वतः घडवण्याची शिक्षणपद्धती. वर्कशॉपच्या तासाला केलेला फिटिंगचा जॉब गुण मिळाले की संपतो. येथे वस्तू वापरात टिकावी लागते आणि तिच्या खर्चाचा हिशेबही द्यावा लागतो.

पुण्याजवळच्या वाकडच्या आसपास ताथवड्याचे राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय (२००१) आणि निगडीचे पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९९) आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने प्रकल्पाधारित अध्ययन पहिल्याच वर्षात आणले. मात्र या पद्धतीची खरी शाळा त्याआधीची, स्पर्धांची. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेली बाहा स्पर्धा भारतात २००७ पासून होते. तीत विद्यार्थी खडबडीत वाटेवर चालणारे एकआसनी वाहन बांधतात. इंजिन सर्व संघांना सारखेच, त्यामुळे कस लागतो तो चौकट, सस्पेन्शन व गिअरबॉक्समध्ये. चौकटीच्या पोलादी नळ्यांत कार्बन किमान ०.१८ टक्के हवा, ही अट पुस्तकात वाचता येते. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाऊन सस्पेन्शनची भोके सरकतात, हे मात्र हाताने केल्यावरच कळते. मग फिक्स्चर, आधी टाके मारणे, वेल्डचा क्रम ठरवणे यांना अर्थ येतो. ड्रॉइंगवर सरसकट कडक टॉलरन्स टाकला, तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला जॉबवर्कवाला दर वाढवतो आणि ‘एवढा लागतो कशाला?’ असे विचारतो. हा प्रश्न मुलांच्या कानी पडावा, यासाठीच ही सारी खटपट आहे.

लेझर कटिंग, सीएनसी, पावडर कोटिंग हाकेच्या अंतरावर असणे हे वाकड–चाकण पट्ट्याचे मोठे बळ आहे. त्यातच धोकाही आहे : सगळे भाग बाहेरून करून आणले, तर विद्यार्थ्याकडे फक्त जुळणी उरते. किमान एक महत्त्वाचा भाग कॉलेजच्याच लेथवर झाला पाहिजे.

स्पर्धांबाहेरचीही एक वाट आहे. चाकणच्या पुढे, शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब (डिजिटल यंत्रांवर वस्तू घडवण्याची कार्यशाळा) उभी राहिली. ग्रामीण मुलांसाठी निघालेल्या या संस्थेत आता अभियांत्रिकीचे विद्यार्थीही प्रकल्पासाठी येतात. स्पर्धेच्या नियमपुस्तिकेऐवजी तेथे शेतकऱ्याची अडचण समोर असते.