उंबरखिंड : सापळ्याचं दार उघडणारा राजा

मंडळी, इसवी सन ९ मध्ये जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या जंगलात रोमन सेनापती व्हारसच्या तीन लिजन कापल्या गेल्या. म्हणजे हजारो सैनिक! अरुंद वाट, लांबच लांब रांग, दोन्ही बाजूंना झाडी आणि झाडीत आर्मिनियसची माणसं. दगा होणार असं सेगेस्टीसने आधीच बजावलं होतं. व्हारसने ऐकलं नाही. शेवटी स्वतःच्याच तलवारीवर पडून त्याने जीव दिला.

आता आपल्या रायगड जिल्ह्यात या. साल १६६१. शाइस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसलाय. उत्तर कोकण, म्हणजे कल्याण, भिवंडी, पनवेल, नागोठणे हा पट्टा घ्यायला त्याने कारतलबखानाला पाठवलं. खान लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने खाली उतरला. खाली अंबा नदीचं खोरं. हीच नदी पुढे नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. खानाला जायचं होतं तिकडेच, पण वाटेत होती उंबरखिंड.

२ फेब्रुवारीला अख्खी फौज खिंडीत शिरली आणि दोन्ही तोंडं बंद झाली! पुढे शिवाजी महाराज, मागे नेताजी पालकर, वर झाडीत मावळे. तोफा, हत्ती, घोडदळ... अशा जागी या सगळ्याचा उपयोग शून्य. वळायलाच जागा नाही हो! परमानंदाच्या ‘शिवभारता’त वर्णन आहे, की वारा पडलेला आणि सैन्य तहानेने व्याकूळ झालेलं.

इथवर गोष्ट अगदी ट्युटोबर्गचीच आहे. फरक पडतो तो पुढे.

खानासोबत माहूरची रायबागन होती, मुघलांची नावाजलेली स्त्री सरदार. तिने खानाला सरळ सुनावलं, की सिंहाच्या जंगलात शिरलात ही चूक झाली, आता शरण जा. व्हारसपेक्षा खान शहाणा निघाला. त्याने ऐकलं आणि दूत पाठवला. महाराजांनी खंडणी घेतली, सामानसुमान ठेवून घेतलं आणि माणसांना जिवंत जाऊ दिलं.

का? मला वाटतं, हिशेब साधा होता. कोंडलेला माणूस जिवावर उदार होऊन लढतो आणि आपलीही माणसं मरतात. मावळा मोजकाच, त्याला असा कशाला खर्चायचा? शिवाय शाइस्तेखान पुण्यात बसलेलाच होता. मोहीम मोडली, खजिना मिळाला, काम झालं! नेताजींना मुघलांवर नजर ठेवायला मागे ठेवून महाराज लगेच दक्षिण कोकणात उतरले.

सापळा लावणारे इतिहासात पुष्कळ सापडतात. शत्रू पुरता हातात आल्यावर थांबणारे मात्र फार थोडे.

खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळलं, की चावणी गावाजवळ या लढाईचं स्मारक आहे. मुंबई-पुण्याहून एका दिवसात सहज होतं. एखादा शनिवार काढाच! तिथे उभं राहून फक्त दोन्ही बाजूंच्या डोंगरांकडे वर बघा. बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.