बालाजी घाट : बातमीदारी आणि लढाईनंतरचा बंदोबस्त

वाराणसीत गंगेच्या पश्चिम काठावर, पंचगंगा घाटाच्या परिसरात असलेला घाट. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने बांधला गेला. इथला वाडा पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. येथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला, आणि बहुतेकांना घाट ठाऊक असतो तो त्यामुळेच. या नोंदीत घाट व भोवतालची मराठी वस्ती यांचा एक कमी परिचित इतिहास दिला आहे : आधी बातम्या पुरवणारी आणि लढाया हरल्यावर स्वतःच पाळतीखाली आलेली वस्ती.

काशी पेशव्यांच्या अमलाखाली कधीच आली नाही. तिथे त्यांचे ठाणे नव्हते, फौज नव्हती; होते ते भिक्षुक, सावकार आणि यात्रेकरू. गोदाकाठच्या कायगावहून आलेले नारायण दीक्षित पाटणकर हे या वस्तीतले वजनदार गृहस्थ. जवळच्या दुर्गा व ब्रह्मा घाटांचे बांधकाम 1740 च्या सुमारास त्यांनी केले. त्यांचे पुत्र बाळकृष्ण आणि वासुदेव यांच्या पत्रांत धर्मकृत्यांच्या मजकुराबरोबर अयोध्येच्या नवाबाच्या आणि दिल्ली दरबाराच्या हालचालीही असत. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडात या घराण्याचे कागद छापले. पगारी हेर म्हणावे असे यात कोणी नव्हते, आणि त्यातच या बातमीदारीचे बळ होते. हुंडी, कावड आणि कागद एकाच वाटेने जात. यात्रेकरूला कोण अडवणार? जोखीम मात्र काशीकरांची. 1742 मध्ये मल्हारराव होळकरांची फौज काशीच्या रोखाने आली, तेव्हा अयोध्येचा नवाब सफदरजंग आपल्यावर सूड उगवील या धास्तीने इथल्या ब्राह्मणांनी, नारायण दीक्षितांसह, फौजेने पुढे येऊ नये म्हणून गयावया केली.

इंग्रजांच्या हाती काशी आल्यावर चित्र उलटले. पदच्युत राजे, नवाब, शहजादे यांना तनखा देऊन गंगेकाठी बसवायचे आणि त्यांच्याकडे कोण येते-जाते ते पाहायचे, ही कंपनीची रीत. ती किती तकलादू होती, हे 14 जानेवारी 1799 रोजी दिसले. अयोध्येचा पदच्युत नवाब वजीर अली काशीत राहत होता. त्याला कलकत्त्याला हलवण्याचे ठरले होते. त्याच्या बेताचा संशय आल्याने मॅजिस्ट्रेट सॅम्युअल डेव्हिस याने जॉर्ज चेरी या वरिष्ठ अधिकाऱ्याला सावध केले. चेरीचा मात्र नवाबावर विश्वास होता. सकाळी न्याहारीला आलेल्या वजीर अलीच्या माणसांनी चेरीला ठार केले आणि जमाव डेव्हिसच्या घराकडे वळला. डेव्हिसने बायकामुलांना गच्चीवर चढवले आणि अरुंद जिन्याच्या तोंडाशी भाला घेऊन एकट्याने फौज येईपर्यंत वाट रोखून धरली. वजीर अली पुढे राजपुतान्यात पकडला गेला व 1817 मध्ये कैदेत वारला.

मराठी पेन्शनर यानंतरचे. 1803 मध्ये इंग्रजांशी तह केलेला अमृतराव पेशवा सालीना सात लाखांच्या नेमणुकीवर काशीला येऊन राहिला व 1824 मध्ये वारला. 1818 मध्ये मराठी राज्य बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पाही इथेच आला. झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे त्याच्या पदरी होते. शरणागतीच्या अटींत खुद्द बाजीरावालाही काशी किंवा दुसरे एखादे तीर्थक्षेत्र मिळायचे होते. कंपनीने बिठूर निवडले, आठ लाखांचा तनखा दिला आणि देखरेखीला स्वतंत्र कमिशनर नेमला. 1851 मध्ये बाजीराव वारला, तशी कंपनीने तनख्याबरोबर पाळतही आवरती घेतली. पैसा वाचवण्याच्या नादात शत्रू तयार करायचा आणि त्याच्यावरची नजरही काढायची, असा हा दुहेरी आतबट्ट्याचा व्यवहार होता. मे 1857 मध्ये कानपूरचा कलेक्टर हिलर्सडन याने खजिन्याच्या रक्षणाला बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब यांचीच माणसे बोलावली. चेरीची चूक 58 वर्षांनी पुन्हा झाली.

बंड मोडल्यावर नानासाहेबांवर लाखाचे इनाम लागले. ते सापडले नाहीत. सापडत राहिले ते भलतेच. 1874 मध्ये ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी पकडून दिलेला ‘नानासाहेब’ ओळख पटवताना खोटा ठरला. मराठ्यांना हा अनुभव जुना होता : पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे कोकणात फौज जमली, आणि 1776 मध्ये त्याला देहान्त देईपर्यंत पुणे दरबाराला चैन पडले नाही. प्रेत न सापडलेला सेनापती हा युद्धोत्तर राज्यकर्त्यांचा खास शत्रू असतो.

विसाव्या शतकात काशीतल्या पाळतीचे काम पोलिसांच्या गुप्तचर खात्याकडे आले. 1915 च्या गदर उठावाच्या तयारीत रासबिहारी बोस काशीत होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे त्यांना इथे येऊन मिळाले. पिंगळ्यांना मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले व नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरला फाशी दिले. संस्कृत शिकायला काशीत आलेले शिवराम हरी राजगुरू इथेच चंद्रशेखर आझादांच्या संपर्कात आले.

अलीकडच्या काळात घाटांवरचा धोका दहशतवादाचा आहे. 7 मार्च 2006 रोजी संकटमोचन मंदिर व कँट स्थानकात, 23 नोव्हेंबर 2007 रोजी कचेरीच्या आवारात स्फोट झाले. 7 डिसेंबर 2010 च्या संध्याकाळी शीतला घाटावर ऐन आरतीत बाँब फुटून एक लहान मुलगी दगावली, अनेक जण जखमी झाले. त्यानंतरचा वाद चेरी-डेव्हिस प्रकरणाच्याच जातीचा. सावधगिरीचा इशारा आधीच दिला होता, असे केंद्राचे म्हणणे; नेमकी बातमी नव्हती, असे राज्याचे. इशारा मोघम असेल तर तो रोजच्या टपालात बुडतो, आणि नेमकेपणा येण्यासाठी मोहल्ल्यात ओळखीपाळखी असलेला माणूस लागतो. पाटणकरांच्या काळी तो होता. कॅमेरे आणि धातुशोधक चौकटी हे काम अर्धेच करतात. 2006 च्या स्फोटांच्या खटल्यात गाझियाबादच्या न्यायालयाने जून 2022 मध्ये एका आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली.