एक लीळा, अनेक साक्षी

गोष्ट म्हटली कीं ती अशीच घडली, अशी खात्री सांगणारानें द्यावी, ही आपली बाळपणापासूनची अपेक्षा असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कांहीं इंग्रजी कथाकारांनीं ती मुद्दाम मोडली. अमेरिकन लेखक रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६९ सालच्या ‘द बेबीसिटर’ या कथेंत एकाच रात्रीच्या परस्परविरोधी हकीकती लहान लहान परिच्छेदांतून शेजारीं शेजारीं मांडल्या आहेत; खरी कोणती, हें लेखक सांगत नाहीं. पुढें अर्ध्या-पाऊण पानाच्या कथांतूनही हीच संदिग्धता आली. हा प्रकार अगदीं नवा, असें आपणांस वाटतें. परंतु मराठी गद्याच्या आरंभींच एकाच गोष्टीचे अनेक साक्षी आपणांस भेटतात.

शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. श्रीचक्रधरस्वामींस ज्यांनीं पाहिलें-ऐकिलें होतें, त्यांच्याकडून एकेक आठवण मिळवून, नागदेवाचार्यांच्या आधारानें त्यांनीं ती लिहून काढिली. एकेक लीळा कित्येकदां चार-दहा ओळींचीच असते. कोणी प्रश्न करितो, स्वामी उत्तर देतात, आणि लीळा संपते. पुढें यादवांचें राज्य बुडालें. त्या काळच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. मग शिष्यांच्या मुखोद्गत पाठांवरून ग्रंथ पुन्हां उभा राहिला. हिराइसा ही बाई स्मरणशक्तीविषयीं विख्यात होती. तिच्या आठवणीवरून झालेला पाठ तिच्याच नांवानें ओळखला जातो.

आतां, स्मृति म्हटली कीं भेद आलाच. प्रसंग तोच, पण सांगणारांचे शब्द निराळे. अशा वेळीं त्या मंडळींनीं एक पाठ राखून बाकीचे पुसून टाकिले नाहींत. ‘हिराइसा’, ‘रामेश्वरबास’, ‘परशरामबास’ अशा नांवांनिशीं भिन्न आठवणी त्यांनीं पोथींतच नोंदविल्या. ज्यांस स्वामींचा शब्द प्राणापलीकडचा, त्यांनींच एका प्रसंगाच्या दोन हकीकती जपून ठेवाव्या, याचें नवल वाटेल. पण शब्द पवित्र म्हणूनच त्यांत आपल्या मनानें निवड करणें त्यांस रुचलें नसावें. कूव्हर यांची संदिग्धता कल्पनेंतून आली. ही सचोटींतून आली. एकींत वाचकाची खात्री मोडावयाची आहे, दुसरींत सांगणाराची साक्ष बुडूं द्यावयाची नाहीं.

ह. ना. नेने यांनीं आणि पुढें १९७८ सालीं डॉ. वि. भि. कोलते यांनीं हा ग्रंथ संपादून वाचकांच्या हातीं दिला. तो वाचतांना पाठभेद अडगळ समजून ओलांडूं नयेत. अंधेरी-मुलुंडच्या आपल्या घरांतूनही आजोबा-आजींच्या आठवणी कोणी लिहून ठेवीत असतील. दोघांच्या सांगण्यांत मेळ बसत नसेल, तर एकाचें खरें ठरवून दुसऱ्याचें खोडूं नये. दोन्ही लिहावीं, आणि ज्याचें त्याचें नांव पुढें घालावें. म्हाइंभटांच्या परंपरेनें घालून दिलेला हा कित्ता साडेसातशें वर्षांनंतरही गिरविण्याजोगा आहे.