रेणूच्या आकाराची कहाणी



जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर सभा घेण्यात ज्याची हयात गेली आणि कॉलेजचे तोंड ज्याने पाहिले नाही, अशा माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आजचा विषय पाठांतराचा नाही, मोजणीचा आहे; आणि मोजणी आम्हां कामगारांना येते. शिवाय आपल्या जिल्ह्याने या विषयाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली आहे. ते शेवटी सांगेन. आधी इतिहास पाहू.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ रेणूची आकृती कागदावर सपाट काढीत. १८७४ साली हॉलंडचा व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचा ल बेल यांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, असे मांडले की कर्बाच्या अणूला जोडलेले चार अणू एका पातळीत नसतात. चार त्रिकोणी बाजू असलेल्या ठोकळ्याच्या, म्हणजे चतुष्फलकाच्या, चार कोपऱ्यांवर ते असतात. व्हान्ट हॉफ तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. जर्मनीतील नामांकित आचार्य कोल्बे यांनी १८७७ मध्ये त्याची जाहीर टर उडवली आणि तो पशुवैद्यकीय शाळेतला मास्तर आहे, असेही हिणवले. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्या मास्तराला मिळाले.

अणू असे बसतात हे कळले, पण का बसतात हे कळायला आणखी काळ जावा लागला. १९१६ साली अमेरिकेतील लुईस यांनी दाखवले की दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी भागीदारीत घेतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी होय. पुढे १९३९ मध्ये जपानचे त्सुचिदा यांनी आणि १९४० मध्ये ऑक्सफर्डचे सिजविक व पॉवेल यांनी या जोड्यांचा संबंध आकाराशी जोडला. मधल्या अणूभोवती किती जोड्या आहेत तेवढे मोजा, म्हणजे आकार सापडेल, असा त्याचा मथितार्थ.

हे कसे, ते पाहा. एकाच खुंट्याला एकमेकांना न मानणारे बैल बांधले तर जो तो दुसऱ्यापासून होईल तितका दूर सरेल. दोन असतील तर समोरासमोर, तीन असतील तर त्रिकोणात. चार बैल चौकोनात उभे राहतील, कारण त्यांना जमीन सोडता येत नाही. इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांना मात्र वरखाली जाण्याची मोकळीक आहे. म्हणून चार जोड्या चौकोन सोडून चतुष्फलक करतात आणि त्यांच्यातला कोन ९० अंशांऐवजी सुमारे १०९.५ अंश होतो. सहा जोड्यांचे अष्टफलक होते.

या नियमाला आजचे रूप आले ते १९५७ साली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गिलेस्पी व नायहोम यांच्या निबंधाने. नायहोम यांचा जन्म १९१७ साली ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल या खाणकामगारांच्या गावचा, आणि वडील रेल्वेत गार्ड. त्या गावातले रस्तेच मुळी क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड अशा नावांचे! कामगार चळवळीच्या इतिहासातही खाणीतल्या संपांमुळे हे गाव प्रसिद्ध आहे.

या दोघांचे म्हणणे असे की सगळ्या जोड्या सारख्या नसतात. बंधातल्या जोडीला दोन अणुकेंद्रे धरून ठेवतात. मोकळ्या जोडीला एकच. म्हणून मोकळी जोडी ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना रेटते. मिथेनमध्ये मोकळी जोडी नाही, कोन १०९.५ अंश. अमोनियात एक आहे. कोन सुमारे १०७. पाण्यात दोन आहेत, कोन १०४.५. ज्या जोडीच्या टोकाला कोणताही अणू नाही, तीच साऱ्या रेणूला वाकवते. पाण्याचा रेणू असा वाकडा आहे म्हणूनच त्याची एक बाजू ऋण व दुसरी धन राहते, त्यात मीठ विरघळते आणि आपल्या नद्यांतून वाफ न वाहता पाणी वाहते.

या मोकळ्या जोडीचा माग आपल्या महाराष्ट्रातही काढला गेला. पुणे विद्यापीठात अनेक वर्षे काम केलेले डॉ. श्रीधर गद्रे यांनी सहकाऱ्यांसह रेणूभोवतीच्या विद्युत् विभवाचे नकाशे गणिताने तयार केले. डोंगरी मुलखाच्या नकाशात दरी दिसावी तशी त्यांत मोकळ्या जोडीची जागा खोलगट दिसते. १९९३ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये मोकळ्या जोड्यांवरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नियमाला अपवाद आहेतच; विशेषतः लोह, तांबे यांसारख्या धातूंच्या संयुगांत तो पुष्कळदा चुकतो. तरीही पहिला अंदाज बांधायला याहून सोपे साधन नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो इस्पितळात पडले. फवारलेल्या औषधांत सेंद्रिय फॉस्फरसाची विषेही होती. या रेणूत फॉस्फरसाभोवती चार दिशा असतात, म्हणजे पुन्हा तोच चतुष्फलक. आपल्या मज्जातंतूंचा निरोप पोचल्यावर तो पुसून टाकणारे एक एन्झाइम शरीरात असते. हा रेणू त्याच्या खोबणीत शिरतो आणि तिथेच घट्ट जोडला जातो. मग निरोप पुसला जात नाही. लाळ, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात आणि शेवटी श्वास थांबतो. हे विष कातडीतूनही आत जाते, म्हणून नुसता नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

त्या वेळी पुष्कळांनी मजुराच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले. मी विचारतो, ज्याच्या अंगावर विष उडणार त्याला ते काय करते हे कोणी, त्याच्या भाषेत, सांगितले होते काय? हातमोजे, अंग झाकणारे कपडे आणि हे ज्ञान, तिन्ही त्याच्या मजुरीइतकेच हक्काचे आहेत. चारपर्यंत मोजता येणाऱ्या कोणालाही रेणूचा आकार समजू शकतो. तो समजावून देण्याची जबाबदारी, शिकलेल्या बंधुभगिनींनो, आपली आहे.