दोन औषधं घेऊनही फिट थांबत नाही? अपस्मार केंद्रात नेमकं काय होतं, समजून घ्या

फिट, आकडी, मिरगी, फेफरं... नावं वेगवेगळी, आजार एकच: अपस्मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. वेळेवर निदान आणि योग्य औषधं मिळाली, तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात.

मग उरलेल्यांचं काय? अनेक घरांत वर्षानुवर्षं गोळ्या बदलल्या जातात, डोस वाढतो आणि शेवटी 'आता असंच चालायचं' म्हणून सगळे गप्प बसतात. पण या रुग्णांसाठी पुढचा टप्पा असतो. तो म्हणजे अपस्मारावर खास काम करणारं केंद्र.

केंद्रात कधी जायचं?

'इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी' या संघटनेने २०१० मध्ये एक व्याख्या दिली. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, नियमित घेऊनही फिट थांबत नसतील, तर त्याला 'औषधांना दाद न देणारा अपस्मार' म्हणतात. पाचव्या-सहाव्या औषधाची वाट पाहत बसू नका. फिट चालूच राहिल्या तर भाजणं, पडणं, बुडणं हे धोके तर आहेतच. वारंवार मोठी फिट येणाऱ्यांमध्ये अचानक मृत्यूचा धोकाही वाढतो.

पहिला प्रश्न: हा नक्की अपस्मारच आहे का?

चक्कर, हृदयाच्या ठोक्यांतली गडबड किंवा मानसिक ताण यामुळेही फिटसारखे झटके येतात. कधी आजार बरोबर ओळखलेला असतो, पण औषध चुकीचं असतं. उदाहरणार्थ, किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात सकाळी उठल्यावर हात झटकतात, हातातला कप पडतो. या प्रकारात कार्बामाझेपिन हे नेहमीचं औषध दिल्यास त्रास वाढू शकतो. औषध बदललं की अनेकदा फिट आटोक्यात येते.

तिथे कोणत्या तपासण्या होतात?

* व्हिडिओ ईईजी: रुग्णाला काही दिवस दाखल करतात. डोक्यावर तारा चिकटवलेल्या असतात आणि कॅमेरा सतत चालू असतो. फिट नोंदवण्यासाठी कधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध कमी करतात. (घरी हे कधीच करू नका.)
* खास एमआरआय: साध्या एमआरआयमध्ये सुटलेला छोटा व्रण यात दिसू शकतो.
* स्मरणशक्ती आणि भाषेच्या चाचण्या: मेंदूचा कोणता भाग कोणतं काम करतो, हे यातून कळतं.

नंतर मेंदूविकार तज्ज्ञ, मेंदूचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि मानसतज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवतात.

शस्त्रक्रिया प्रत्येकाची होते का?

नाही. फिट मेंदूच्या एकाच ठिकाणाहून सुरू होत असेल आणि तो भाग काढल्याने बोलणं, हालचाल, स्मरणशक्ती यांचं मोठं नुकसान होणार नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांना फिट येत नव्हती. फक्त औषधांवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं.

दुसरी बाजूही बघा. शस्त्रक्रिया झालेल्या साधारण एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाला. त्यात शरीराच्या एका बाजूची कमजोरी मुख्य होती. मेंदूचा कोणता भाग काढला, त्यानुसार असा त्रास अपेक्षितही होता. म्हणूनच फायदा आणि किंमत दोन्ही आधी समजावून घ्यावं लागतं.

शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर लहान मुलांसाठी किटोजेनिक आहार किंवा छातीत बसवायचं, मानेतल्या नसेला संदेश देणारं यंत्र असे पर्याय असतात.

अशी केंद्रं कुठे आहेत?

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. दिल्लीचं एम्स आणि बंगळुरूचं निम्हान्स इथेही ही सोय आहे. महाराष्ट्रात सुरुवात केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागातून करता येते.

जाताना काय न्यायचं?

* मोबाईलवर काढलेला फिटचा व्हिडिओ (आधी रुग्णाला कुशीवर वळवा, मग व्हिडिओ काढा)
* फिटच्या तारखा आणि वेळ लिहिलेली वही
* आजवरची सगळी औषधं, त्यांचे डोस आणि का बंद केली याची नोंद
* जुने एमआरआय (फक्त रिपोर्ट नको, सीडीही न्या) आणि ईईजी
* फिट प्रत्यक्ष पाहिलेली घरातली व्यक्ती

मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर तेही आधीच सांगा. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला धोका होऊ शकतो.

केंद्रात जायचं ठरलं, तरी चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: "दोन औषधं झाली, फिट अजून येते. आम्हाला अपस्मार केंद्रात पाठवाल का?"